काचेच्या घरमालकीणबाई

आमच्या लातूरच्या घरमालकीणबाईंचा डब्यावर विश्वास नव्हता. डबा पितळेचा असो, ॲल्युमिनियमचा असो, नाहीतर लग्नातल्या आहेरातला चकचकीत स्टीलचा असो, डबा दिसला की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. "आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही, ती वस्तू घरात कशाला?" असा त्यांचा सवाल. त्यामुळे त्यांच्या स्वयंपाकघरात सगळं काचेत. तूरडाळ काचेत, मीठ काचेत, सुपारी काचेत, घासलेट औषधाच्या जुन्या बाटल्यांत. काशीहून कुणीतरी आणून दिलेला गंगाजलाचा तांब्याचा गडूसुद्धा त्यांनी सीलबंद तोंड उचकटून फोडला आणि पाणी टॉनिकच्या बाटलीत ओतलं. "आत गंगा आहे का नळ, कुणी बघितलंय? दिसलं पाहिजे," म्हणाल्या. आणि बाटली उजेडाला धरून बराच वेळ बघत राहिल्या. गंगा होती का नळ, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

मी त्यांना काकू म्हणायची. त्या मला कलेक्टरीण म्हणायच्या.

त्याचं असं झालं की, लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेरी नवी, टेबलं नवी, शिक्के नवे, आम्ही टायपिस्ट पोरी नव्या. जुन्या होत्या त्या फक्त भाड्याच्या खोल्या, आणि त्या कुणी सहज देत नव्हतं. आम्ही बौद्ध. आडनाव सांगितलं की "अगं बाई, कालच दिली हो खोली," असं दोनचार घरी ऐकून झालं होतं. मग मी शहाणपणा केला. नमस्काराच्या आधीच आडनाव सांगून टाकायची, म्हणजे जिने चढायचे तरी वाचत. काकूंना मी ते पायरीवरूनच सांगितलं. त्यांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि विचारलं,

"ट्रंक आहे का तुझ्याकडं?"

"आहे."

"उघडी ठेवत जा. पुढची खोली तुझी. आडाला हात लावायचा नाही. पाणी मी ओतून देईन."

ओतून देईन म्हणजे कसं, ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. काकू वरच्या पायरीवर, मी खालच्या पायरीवर. त्यांची कळशी हवेत, माझी घागर जमिनीवर आणि मधे पाण्याची धार. धार अशी उंचावरून की निम्मं पाणी माझ्या पायांवर. भांड्याला भांडं लागायला नको ना! मी तेव्हा मॅट्रिक झालेली, टायपिंगच्या दोन परीक्षा पास, नाकावर राग. जगातलं सगळं मला माहीत होतं, न माहीत असलेलं माझ्या मते जगात नव्हतंच. तोंडानं मी "झालं काकू, बास" म्हणायची आणि मनातल्या मनात त्यांच्याविरुद्ध तक्रारअर्ज टाईप करायची, तीन प्रतींत. खोली सोडायची मात्र हिंमत नव्हती. नवरा तिकडं जळकोटला शाळेत मास्तर, रविवारी यायचा. मी पोटुशी. त्या दिवसांत कुठं फिरणार होते जिने चढत?

लेक झाली आणि त्याच उन्हाळ्यात दुष्काळ पडला. आड आटला. गल्लीच्या तोंडाशी टँकर यायला लागला. टँकरसमोर मात्र मोठी गंमत. तिथं कुणाची घागर कुणाला लागते हे बघायला कुणाला सवड नव्हती. काकूंची कळशी आणि माझी घागर तिथं गर्दीत एकमेकींना धडकायच्या, आणि घरी आलं की पुन्हा आपापल्या पायरीवर.

टँकरचं पाणी चहासारखं. काकूंनी घरातल्या सगळ्या रिकाम्या बाटल्या ते भरून गच्चीच्या कठड्यावर ओळीनं मांडल्या. सकाळी गढूळ, दुपारी अर्ध्या गढूळ, संध्याकाळी वर निवळ पाणी आणि खाली बोटभर माती. काकू उन्हात पदर डोक्यावर घेऊन त्या ओळीसमोरून हिंडायच्या. एखादी बाटली उजेडाला धरायच्या आणि तिच्याशी बोलायच्या, "बस गं खाली, बस. किती नाचशील?" हे मातीला. गल्लीतली पोरं खालून ओरडायची, "काकू, दुकान उघडलं का?" निवळलेलं पाणी त्या फडक्यातून गाळायच्या, आणि पिण्यापुरतं आम्हालाही ओतून द्यायच्या. तेही अर्थात वरून.

पण एक झालं. दुष्काळ जसा चढत गेला, तशी त्यांची कळशी खाली येत गेली. उंचावरून ओतलं की सांडतं, आणि सांडलेला थेंब काकूंना सोसायचा नाही. होळीला कळशी हातभर उंच होती, पाडव्याला वीतभर राहिली. मी बघत होते. माझ्या मनातल्या तक्रारअर्जात मी तशी नोंदही घेत होते.

आता बाटलीचं सांगते. रजा संपत आली होती. माझी नेमणूक तात्पुरती. वेळेवर हजर झाले नाही तर माझ्या खुर्चीत बसायला दुसरी पोरगी दाराशी उभीच होती. लेक तीन महिन्यांची, अंगावर पिणारी. ती माझ्याशिवाय दिवसभर काय पिणार, या एका विचारानं मला घास उतरत नव्हता. लोह्याहून माझ्या सासूबाई तिला सांभाळायला आल्या. आम्ही त्यांना आत्या म्हणायचो. हाडाच्या कामकरी, बोलायला फटकळ, तोंडात कायम मिश्री. त्या वाटी-चमच्यानं पाजते म्हणाल्या. पोरीनं सगळं दूध गळ्याखाली सांडलं, पोटात थेंब नाही.

मग मी काय करावं? मी वेळापत्रक टाईप केलं. हसा, हसा. मलाही आता हसू येतं. "दुग्धपानाचे वेळापत्रक" असा मथळा, खाली अधोरेखन, रकाने पाडलेले, आणि शेवटी "प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी : सासूबाई." आत्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी तो कागद उलटा धरून बघितला आणि म्हणाल्या, "लई चांगलं हाय. पर पोरगीला वाचता येतंय का?"

आणि बाटली मी आधीच मागवून ठेवली होती. माझ्या भावानं हैदराबादेहून आणलेली, प्लास्टिकची, गुलाबी, वर बदकाचं चित्र. पडली तरी फुटत नाही, हलकी, दिसायला देखणी. मला तर ती हातात धरली की आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं.

त्याच सुमाराला गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या शिंप्याचं लेकरू गेलं. माझ्या लेकीच्याच वयाचं. जुलाब लागले आणि दोन दिवसांत संपलं. कुणी म्हणालं टँकरचं पाणी, कुणी म्हणालं नजर, कुणी म्हणालं बाटलीचं दूध. त्या शिंप्याच्या मशीनचा आवाज सकाळपासून गल्लीत असायचा, तो बंद झाला. त्या गप्पपणात मी गुलाबी बाटली पुन्हा पुन्हा उकळायची, पुन्हा पुन्हा हुंगायची.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. आमच्या खोलीत त्या कधी पाऊल टाकत नसत.

"आण इकडं ती."

मी बाटली उंबऱ्यावर ठेवली. त्यांनी उचलली, उजेडाला धरली, फिरवली. गुलाबी रंगापलीकडं काही दिसेना.

"हिच्या पोटात काय आहे ते हिला माहीत. लेकराच्या पोटात गेल्यावर तुला कळणार, होय गं?"

"काकू, नवीन आहे. उकळलीय."

काकू आत गेल्या, विळी घेऊन आल्या, आणि मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत त्यांनी बदकाचे दोन तुकडे केले. आतून बघितलं. बाटली लख्ख स्वच्छ होती. डाग नाही, साय नाही, काही नाही.

मला रडूच फुटलं. "काही निघालं का? निघालं का काही?"

काकू जरा ओशाळल्या. पण क्षणभरच. "आज नाही निघालं," म्हणाल्या. "उद्या निघालं असतं. चल, चप्पल घाल."

त्या मला गंजगोलाईच्या बाजारात काचसामानाच्या एका दुकानात घेऊन गेल्या. रस्त्यानं चालताना त्या पुढं आणि मी मागं. लोकांना वाटावं दोन अनोळखी बाया एकाच वेळी एकाच दिशेला निघाल्यात. दुकानदारानं काचेच्या चार दुधाच्या बाटल्या काढल्या. काकूंनी प्रत्येक उजेडाला धरली, नखानं टकटक केलं, कानाला लावली. मग शेजारच्या हॉटेलात हाक मारली, "चहा दे रे किटलीभर. उकळता पाहिजे."

दुकानदाराला वाटलं, बाई बसणार, चहा घेणार. तो खुशीत स्टूल पुसायला लागला. काकूंनी किटली उचलली आणि पहिल्या बाटलीत धाडकन चहा ओतला. बाटली तडकली. चहा काउंटरभर झाला.

"बाई! ये क्या कर रहे? अहो, फुटली ना!"

"मग? आत्ता फुटली तर तुझ्या दुकानात फुटली. उद्या फुटली असती तर लेकराच्या तोंडात फुटली असती. सरक."

दुसरीही गेली. दुकानदारानं तिसरी छातीशी धरली. "बाई, रहम करा. लोकं चहा पाजून सौदा करतात, तुम्ही सौद्यालाच चहा पाजून राहिल्या."

"ओत तूच मग."

त्यानं डोळे मिटून ओतला. तिसरी बाटली टिकली. चौथीही टिकली. तिसरीचं तोंड रुंद होतं, चौथीचं अरुंद. काकूंनी अरुंद तोंडाची उचलली. मी धीर करून म्हटलं, "काकू, रुंद बरी. हात आत जाईल, धुवायला सोपी."

"हात जातो तिथं माशीपण जाते," काकू म्हणाल्या आणि टिकलेल्या बाटल्यांतला चहा दुकानदाराकडं सरकवला. "पी. घाबरलायस." फुटलेल्यांचं त्यांनी त्याला काय दिलं, ते मला कधी कळलं नाही. मी लाजेनं रस्त्यापलीकडं जाऊन उभी होते.

आता दुधात मिसळायचं गाळलेलं पाणी या अरुंद तोंडाच्या बाटलीत घालायचं कसं? घरी आल्यावर ही अडचण आमच्या दोघींच्याही एकदमच लक्षात आली. काकू वरच्या पायरीवर, मी खालच्या. वीतभर उंचीवरून धार सोडली तर एवढ्याशा तोंडात पाणी जाईना. इकडं सांडलं, तिकडं सांडलं. दिवसभर निवळवलेलं पाणी पायरीवरून वाहायला लागलं. काकू थांबल्या. गल्लीत कुणी नाही हे त्यांनी बघितलं. मग त्या एक पायरी उतरल्या आणि कळशीचा काठ बाटलीच्या तोंडाला टेकवला. काचेवर पितळ टिणकन वाजलं. बाटली भरेपर्यंत त्या माझ्याकडं बघत नव्हत्या आणि मी त्यांच्याकडं बघत नव्हते. दोघीही बाटलीकडं बघत होतो. भरल्यावर त्या म्हणाल्या, "दिसतंय ना स्वच्छ?" मी म्हटलं, "दिसतंय."

पण लेकीला त्याचं काय? निपल तोंडात दिलं की ती जिभेनं बाहेर ढकलायची आणि असा टाहो फोडायची की आत्या म्हणायच्या, "बाई गं, गावात खबर करती का काय ही!" मी मांडीवर घेऊन दिलं, उभ्यानं दिलं, गाणं म्हणत दिलं. नाही म्हणजे नाही. मी जवळ असताना तिला काच कशाला हवी? हजर व्हायचा दिवस आला. मी पहाटे तिला पोटभर पाजलं आणि पोपटी नायलॉनची साडी बदलून दुसरी नेसून कचेरीत गेले. दिवसभर टाईप केलं. एका पत्रात "टंचाईग्रस्त गावे" लिहायचं तिथं मी "लेकरे" लिहिलं. मोठ्या साहेबांनी नुसतं वर बघितलं.

संध्याकाळी धावत घरी आले. लेक झोपलेली. बाटली धुवून पालथी.

"आत्या, प्याली?"

"हाव. पिली की."

"किती?"

"समदी."

रोज हेच. हाव, पिली, समदी. आणि संध्याकाळी मी परीक्षा म्हणून बाटली तोंडाला लावली की पोरगी मान फिरवायची. मग दिवसा पिते कशी? आता माझ्या डोक्यात काय काय यायला लागलं ते सांगायचीही लाज वाटते. आत्या दूध ओतून देत असतील. नाहीतर स्वतः पीत असतील. नाहीतर, आणि हा विचार आला की माझी बोटं टाईपरायटरवर थांबायची, आमच्या गावाकडं रोजगारावर जाणाऱ्या बाया लेकराला मोहरीएवढी अफू चाटवून झोपवायच्या, तसं तर नसेल? शिंप्याची मशीन अजून बंदच होती. मी लेकीच्या पापण्या उचलून बघायची, मनगटं चाचपायची. ती खुशाल हसायची. मला ते हसूही अफूचं वाटायचं.

त्यातच काकूंनी नवीन टुमणं लावलं. मी कचेरीतून येऊन साडी बदलली की वरून आवाज यायचा,

"ए कलेक्टरीण! लुगडं धुऊ नको. पाणी नाही."

"काकू, घामानं भिजलंय हो. दुधाचे डाग आहेत."

"असू देत. दांडीवर टाक. पाणी काय तुझ्या कचेरीतून येतं?"

पाण्याचा थेंब थेंब मोजणारी बाई, मला वाटलं, आता माझ्या साडीवरही नजर. मी आणखी एक तक्रारअर्ज मनात टाईप केला. या वेळी चार प्रती.

शेवटी एका दुपारी मला बसवेना. पोटात दुखतंय सांगून सुटले आणि उन्हातून घराकडं पळत निघाले. चप्पल मधेच तुटली, ती हातात घेतली. गल्लीत शिरताना वाटलं, आता लेकीच्या रडण्याचा आवाज यायला हवा. तो येईना. मी दाराशी आले आणि आतलं बोलणं ऐकून भिंतीला चिकटून उभी राहिले.

"पदर अजून वर घ्या की बाई. वास तिच्या नाकाला लागू द्या." हा आत्यांचा आवाज.

"घेतलाय. तू गप बस, ती दचकते."

मी फटीतून बघितलं.

आमच्या खोलीत, आमच्या चटईवर, काकू बसल्या होत्या. त्यांच्या पांढऱ्या नऊवारीवरून माझी कालची पोपटी नायलॉनची साडी गुंडाळलेली, घामाची, दुधाच्या डागांची, न धुतलेली. तिचा पदर लेकीच्या गालाखाली. लेक त्यांच्या मांडीवर डोळे मिटून, आणि तोंडात बाटली. आत्या लांब दाराजवळ पाय पसरून बसल्या होत्या, मिश्रीचं बोट दातावर.

"मी नेसून बघितली तर तोंड वाकडं करती," आत्या म्हणाल्या. "मिश्रीनं घात केला बघा माझा. तुमच्याजवळ मात्र बरी पिती. कुणाला पाजलंय का याच्या आधी?"

काकूंना मूलबाळ नव्हतं. सगळ्या गल्लीला ते माहीत होतं. आत्या नव्या.

"नाही," काकू म्हणाल्या. "म्हणून तर काच पाहिजे. मला अंगावरून कसं कळणार, पिते का नुसती चोखते? हे बघ. हे बघ, बुडबुडा आला. उतरतंय दूध. उतरतंय गं, लोह्याच्या बाई, उतरतंय!"

"हाव हाव, उतरू द्या. वरडू नका."

"आणि हिच्या आईला यातलं काही सांगायचं नाही. ती लगेच कागद टाईप करंल."

मी तोंडावर हात दाबला. हसू होतं का रडू, देवाला ठाऊक. आत जावं, पाया पडावं, पोरीला कवटाळावं, सगळं मनात आलं. पण मी आत गेले असते तर पोरीनं बाटली सोडली असती. आणि काकूंनीही. मी तुटकी चप्पल तशीच हातात धरून, पावलांचा आवाज न करता गल्लीबाहेर आले आणि कचेरीत परत गेले. पोटाचं दुखणं थांबलं का, असं कुणीतरी विचारलं. मी म्हटलं, थांबलं.

त्या संध्याकाळी मी घरी आले, साडी बदलली. वरून आवाज आला, "ए कलेक्टरीण, लुगडं धुऊ नको. पाणी नाही."

"नाही धुत, काकू," मी म्हटलं. आणि घडी न घालता, तशीच चुरगळलेली, त्यांच्या हाताला येईल अशी दांडीच्या कडेला टाकली.

पुढं पाऊसपाणी झालं. आड काठापर्यंत भरला. गच्चीवरच्या बाटल्या काकूंनी धुवून आत नेल्या, शिंप्याची मशीन पुन्हा सुरू झाली, टँकर यायचा बंद झाला. एका संध्याकाळी मी आडाजवळ उभी होते. पोहरा काकूंच्याच हातात होता. आता कळशीचा काठ माझ्या घागरीच्या काठाला सरळ टेकायचा, आणि त्याबद्दल कुणीच काही बोलत नव्हतं. घागर भरून पाणी वरून सांडायला लागलं, आमच्या दोघींच्या पायांवरून वाहायला लागलं, तरी काकू ओतत होत्या. मी खांद्यावर दिवसभराची साडी घेऊन निघाले होते.

"कुठं निघालीस ते घेऊन?" काकूंनी विचारलं.

"धुवायला."

त्यांनी भरलेल्या आडाकडं पाठ केली.

"धुऊ नको," त्या म्हणाल्या. "पाणी नाही."